माफीनामा नाकारणारी अभिनेत्री : मार्शा हंट यांचे प्रकरण

१९५० च्या दशकात कम्युनिस्टविरोधी काळ्या यादीमुळे काम गमावलेल्या एका हॉलिवूड अभिनेत्रीचे हे प्रकरण सार्वजनिक नोंदींतले असल्यामुळे तिचे नाव उघड ठेवले आहे. ज्यांच्या हातून तिचे काम प्रत्यक्ष थांबले ते मधल्या फळीतले लोक, म्हणजे एजंट, जाहिरात कंपन्यांचे अधिकारी आणि पात्रनिवड करणारे, इथे केवळ त्यांच्या कामावरून ओळखायचे आहेत. अशा प्रकरणांत त्यांची नावे सहसा कुठे लिहिलेलीही नसतात. ही बाब पुढे महत्त्वाची ठरते.

पार्श्वभूमी

मार्शा हंट यांचा जन्म १९१७ साली शिकागोत झाला आणि त्या न्यूयॉर्कमध्ये वाढल्या. १९३५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, पॅरामाउंटने त्यांच्याशी करार केला. तिथे गोऱ्यागोमट्या नायिकेच्या भूमिकांचा त्यांना लवकरच कंटाळा आला. नंतर एमजीएममध्ये गेल्यावर त्यांनी चरित्र भूमिका मागून घेतल्या. १९४० च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधली चष्मेवाली, पुस्तकी आणि बेसूर गाणारी मेरी बेनेट त्यांचीच. विशीत असताना वेगवेगळ्या वयाच्या आणि वळणाच्या बायका साकारणारी नटी म्हणून त्यांचे नाव झाले.

१९४४ च्या ‘नन शॅल एस्केप’मध्ये त्या पोलंडमधल्या शिक्षिकेच्या भूमिकेत होत्या. युद्ध चालू असतानाच, ते संपल्यावर नाझींवर खटला भरला जाईल अशी कल्पना करून हा चित्रपट काढला होता. ज्यूंच्या कत्तलीचे दृश्य त्यात होते. पटकथा लेस्टर कोल यांची. तीन वर्षांनी हेच कोल ‘हॉलिवूड टेन’पैकी, म्हणजे सरकारी चौकशीत उत्तरे नाकारल्याबद्दल तुरुंगाच्या वाटेवर असलेल्या दहा जणांपैकी, एक ठरले. हंट कम्युनिस्ट नव्हत्या, पण ज्यांच्याबरोबर सेटवर रोज काम केले ती माणसे कोण आहेत हे त्यांना ठाऊक होते. वर्तमानपत्रात त्यांना राक्षस ठरवले जात असताना या ओळखीचा उपयोग होतो, आणि धोकाही.

१९४६ साली त्यांनी पटकथालेखक रॉबर्ट प्रेसनेल यांच्याशी लग्न केले. नटांच्या संघटनेच्या, स्क्रीन ॲक्टर्स गिल्डच्या, संचालक मंडळावरही त्या होत्या. १९४७ पर्यंतचे चित्र असे की काम भरपूर, चित्रपट पन्नासाच्या घरात, आणि उद्योगात कुणाशी वैर नाही.

पहिला निर्णय : विमानात बसायचे की नाही

ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीने हॉलिवूडमधल्या कम्युनिस्टांची जाहीर सुनावणी सुरू केली. अध्यक्ष होते जे. पार्नेल टॉमस. (पुढे हेच टॉमस पगाराच्या खोट्या नोंदींबद्दल तुरुंगात गेले आणि तिथे त्यांची गाठ त्यांनीच आत पाठवलेल्या लेस्टर कोल आणि रिंग लार्डनर ज्युनियर यांच्याशी पडली. कादंबरीत असे लिहिले तर संपादक ते कापून टाकेल.)

सुनावणीला विरोध म्हणून जॉन ह्यूस्टन, विल्यम वायलर आणि फिलिप डन यांनी पहिल्या घटनादुरुस्तीच्या, म्हणजे भाषण-स्वातंत्र्याच्या, नावाने एक समिती उभी केली. २६ ऑक्टोबरला रेडिओवर ताऱ्यांचा निषेधाचा कार्यक्रम झाला. तो लिहिण्यात प्रेसनेल यांचा हात होता आणि हंट त्यात बोलल्या. त्यानंतर हम्फ्री बोगार्ट, लॉरेन बकॉल, डॅनी के आदींच्या विमानात त्या वॉशिंग्टनला गेल्या.

हा निर्णय घेताना धोका फारसा दिसत नव्हता. सोबत देशातले सगळ्यात लोकप्रिय चेहरे होते. स्टुडिओचे मालकही तोवर सरकारी ढवळाढवळीच्या विरोधात बोलत होते. मागणी एवढीच होती की माणसाला त्याचे राजकीय मत विचारण्याचा अधिकार समितीला नाही.

पण वॉशिंग्टनला डाव उलटला. पहिल्यांदा उद्योगाचे प्रतिनिधी एरिक जॉन्स्टन साक्ष देतील अशी पाहुण्यांची अपेक्षा होती. समितीने त्यांच्याऐवजी पटकथालेखक जॉन हॉवर्ड लॉसन यांना उभे केले. लॉसन आणि टॉमस यांच्यात आरडाओरडा झाला आणि लॉसन यांना बाहेर काढण्यात आले. मागे बसलेल्या ताऱ्यांना तत्त्वाची बाजू मांडायची होती. छायाचित्रांत दिसले ते भांडण.

महिन्याभरात सगळे पालटले. २४ नोव्हेंबरला प्रतिनिधिगृहाने ३४६ विरुद्ध १७ मतांनी त्या दहा जणांना, ‘हॉलिवूड टेन’ना, अवमानाबद्दल दोषी धरले. त्याच सुमारास स्टुडिओप्रमुख न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात जमले आणि या दहा जणांना काम देणार नाही असे त्यांनी जाहीर केले. १९४८ साली बोगार्ट यांनी एका चित्रपट मासिकात आपण कम्युनिस्ट नाही आणि ती सहल हा मूर्खपणा होता असे लिहिले. समिती विरून गेली. हंट यांनी काही मागे घेतले नाही.

अडचण

तीन वर्षे धक्का बसला नाही, उलट बरे चालले होते. हंट न्यूयॉर्कला नाटके करू लागल्या होत्या, दूरचित्रवाणीवरही येत होत्या. मार्च १९५० मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे छायाचित्र आले.

जून १९५० मध्ये ‘रेड चॅनल्स’ ही पुस्तिका निघाली. रेडिओ आणि दूरचित्रवाणीतल्या १५१ जणांची नावे, आणि प्रत्येकापुढे त्याने कुठल्या निवेदनावर सही केली, कुठल्या सभेला हजर होता याची यादी. हंट यांचे नाव त्यात होते. कुणावर गुन्ह्याचा आरोप नव्हता. नुसती जंत्री होती.

ही यादी सरकारने काढलेली नव्हती. एफबीआयमधून बाहेर पडलेल्या तिघांच्या खासगी कंपनीचा तो उद्योग होता. प्रस्तावना लिहिणारे व्हिन्सेंट हार्टनेट पुढे पैसे घेऊन नटांची नावे ‘तपासून’ देण्याचा धंदा करू लागले. रोग पसरवायचा आणि दवाखानाही आपणच काढायचा, असा हा व्यवहार होता. सिरॅक्युस शहरातला एक सुपरमार्केटवाला प्रायोजकांना धमकी देई की यादीतल्या नटाला घेतलेत तर तुमच्या मालाशेजारी पाटी लावीन आणि गिऱ्हाइकांनाच विचारीन, तुमचे पैसे कम्युनिस्टांच्या साथीदारांना जावेत का? साबण किंवा कॉफी विकणाऱ्या कंपनीला एवढे पुरे होते. ऑगस्ट १९५० मध्ये जीन म्यूर या अभिनेत्रीला एका लोकप्रिय मालिकेतून, पहिला भाग प्रक्षेपित होण्याआधीच, काढले गेले. प्रायोजकाकडे गेलेले मोजके फोन एवढेच त्यामागचे बळ होते.

हंट यांच्या बाबतीत कुणी ‘तुम्हाला काढले’ असेही म्हटले नाही. बोलणी होत आलेली कामे मागे गेली, फोन येईनासे झाले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. दाद मागायची तर कुणाकडे? आदेशच नव्हता. आपल्याकडे आणीबाणीत, १९७६ साली, किशोरकुमार यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद करण्यात आली तेव्हा निदान माहिती व नभोवाणी मंत्रालयाचा निर्णय होता, फायली होत्या, आणि पुढे शाह आयोगाला त्या उघडून पाहता आल्या. अमेरिकन काळ्या यादीची ताकद तिच्या फायली नसण्यात होती. प्रत्येक जण म्हणू शकत होता की भूमिकेला दुसरी नटी जास्त शोभली.

कर नाही त्याला डर कशाला, हे तेव्हाही अनेकांनी ऐकवले असणार. ती म्हण इथे निकामी आहे. कारण ‘कर’ काय होता याची चौकशी कुणाला करायचीच नव्हती.

समोर असलेले पर्याय

गप्प बसून वादळ जाऊ द्यावे, हा पहिला. दिसायला शहाणपणाचा. पण यादी छापलेली होती आणि प्रत्येक जाहिरात कंपनीच्या टेबलावर होती. गप्प राहणाऱ्याचे नाव तिच्यातून आपोआप गळत नाही.

दुसरा पर्याय शुद्धीकरणाचा. निवेदन लिहायचे, वृत्तपत्रात जाहिरात द्यायची, झाल्या गोष्टीबद्दल खेद दाखवायचा. एलिया कझान यांनी १९५२ मध्ये समितीपुढे नावे सांगितली आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये जाहिरात देऊन त्याचे समर्थन केले. हंट यांची पंचाईत वेगळी होती. त्या कधी पक्षात नव्हत्या, त्यामुळे सांगायला नावेच नव्हती. त्यांच्याकडे मागितला गेला तो निव्वळ पश्चात्ताप, तोही कायदेशीर सभेला गेल्याचा आणि सह्या केल्याचा.

तिसरा, कोर्ट. रेडिओ निवेदक जॉन हेन्री फॉक यांनी पुढे दावा लावला आणि १९६२ मध्ये जिंकला. ज्यूरीने ३५ लाख डॉलरांची भरपाई मंजूर केली, जी अपिलात बरीच घटली. या निकालाने काळ्या यादीचा कणा मोडला. पण १९५० साली कुठल्या वकिलाने ही हमी दिली असती?

चौथा, परदेश. ज्यूल्स दासँ, जोसेफ लोझी युरोपला गेले आणि तिथे मोठे झाले. ते दिग्दर्शक होते. लेखक तर दुसऱ्याच्या नावाने लिहू शकत; डाल्टन ट्रम्बो यांनी ‘रॉबर्ट रिच’ या खोट्या नावाने लिहिलेल्या कथेला ऑस्कर मिळाले आणि घ्यायला तो ‘रिच’ काही आला नाही. नटीला ही वाट नाही. तिचा चेहरा हेच तिचे नाव. काळ्या यादीचा हिशेब लिहिणारे बहुतेक लोक लेखकांच्या कहाण्या सांगतात, कारण त्यांत छुप्या हस्तलिखितांची गंमत आहे. नट-नट्यांची वर्षे नुसती रिकामी गेली. ‘द गोल्डबर्ग्ज’ मालिकेतून बाहेर पडावे लागलेले फिलिप लोब यांनी १९५५ मध्ये आत्महत्या केली.

पाचवा पर्याय कुणी पर्याय म्हणून मांडला नव्हता : आहे त्या प्रतिष्ठेचा दुसरीकडे उपयोग करणे.

केलेली कृती

दुसऱ्या पर्यायाशी हंट यांची पुन्हा पुन्हा गाठ पडली. एखादे काम जवळ आले की खेदाचे निवेदन द्या, असा निरोप येई. आपण कम्युनिस्ट नाही हे सांगायला त्यांची हरकत नव्हती, कारण ते खरेच होते. हरकत होती ती वॉशिंग्टनला गेल्याबद्दल माफी मागायला. हा फरक बारीक वाटेल, पण सगळे प्रकरण त्यावर उभे आहे. पहिले विधान वस्तुस्थितीचे आहे. दुसरे दिले की यादीवाल्यांची भूमिका, म्हणजे तसे वागणे हाच गुन्हा होता, ही गुन्हेगाराने स्वतः कबूल केल्यासारखी होते. आणि मग पुढच्या माणसावर तोच कागद ठेवला जातो.

त्या रंगभूमीवर काम करत राहिल्या. १९५२ च्या ‘द हॅपी टाइम’सारखा एखादा चित्रपट मिळाला, पण एकूण चित्रपटकाम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. यादी निघाली तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या. नटीच्या आयुष्यातली ही वर्षे परत मिळत नाहीत, हे हिशेबात धरल्याशिवाय नकाराची किंमत कळत नाही. त्याच वेळी हेही नोंदवायला हवे की पती लिहिणारे होते आणि रंगभूमीचे दार उघडे होते. तीन मुले पदरात आणि घरभाडे थकलेले अशा नटाला हाच नकार इतका परवडला नसता. त्या नटाला भित्रा म्हणताना जीभ जड व्हावी.

पन्नासच्या दशकाच्या मध्यावर हंट आणि प्रेसनेल जगप्रवासाला गेले. भूक, रोगराई आणि बेघरपणा त्यांनी तिथे जवळून पाहिला. परतल्यावर हंट संयुक्त राष्ट्रांच्या कामाकडे वळल्या. त्याविषयी वाचायचे, समजून घ्यायचे, गावोगावच्या संस्थांपुढे, क्लबांपुढे, शाळांपुढे बोलायचे. हे काम सहसा चरित्रात एका ओळीत उरकले जाते. प्रत्यक्षात तेच या प्रकरणाचा गाभा आहे. कॅमेऱ्यासमोर उभे राहणे, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणे, पाठांतर, वेळ पाळणे ही सारी नटीची कसबे त्यांनी तशीच्या तशी उचलून दुसऱ्या जागी नेली. देशनिष्ठेवर शंका घेतली गेलेली ही बाई स्वतःला पृथ्वीची देशभक्त म्हणवून घेऊ लागली, यात थोडा खोडकरपणाही असावा.

मग आले जागतिक निर्वासित वर्ष. डिसेंबर १९५८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला आणि जून १९५९ ते जून १९६० हा काळ निर्वासितांसाठी ठरला. मूळ कल्पना ब्रिटनमधल्या चार तरुणांनी एका नियतकालिकात मांडली होती. युद्ध संपून चौदा वर्षे झाली तरी युरोपातल्या छावण्यांत माणसे अडकलेली होती. शिवाय पॅलेस्टिनी होते, हाँगकाँगमधले चिनी होते, चीनमध्ये मागे अडकलेले युरोपीय होते. देशोदेशींच्या टपालखात्यांनी उपटलेल्या ओकच्या झाडाचे चिन्ह असलेली तिकिटे काढली.

हंट यांनी या वर्षासाठी ‘अ कॉल फ्रॉम द स्टार्स’ हा तासाभराचा माहितीपट उभा केला. बिंग क्रॉस्बी, पॉल न्यूमन यांच्यासारखे तारे त्यात निर्वासितांसाठी बोलले. ज्या उद्योगाने दहा वर्षे फोन उचलला नव्हता, त्याच उद्योगातल्या लोकांना त्यांनी फोन केले, आणि स्वतःसाठी काही मागितले नाही. दुसऱ्यासाठी मागताना माणसाचा संकोच जातो आणि देणाऱ्याचीही भीती जाते. काळ्या यादीतल्या नटीला भूमिका देणे धोक्याचे होते. तिच्या सांगण्यावरून निर्वासितांसाठी दोन मिनिटे बोलणे नव्हते. ही युक्ती होती असे म्हणायला आधार नाही. पण तिचा परिणाम युक्तीसारखाच झाला : त्या पुन्हा आपल्या लोकांमध्ये आल्या, यावेळी उमेदवार म्हणून नव्हे.

१९५७ पासून कामे हळूहळू मिळू लागली होती, तरी पूर्वीची जागा मिळणार नाही हे दिसत होते. १९६० च्या सुमारास त्यांनी अभिनय बराच कमी केला आणि जेवढा मिळेल तेवढा आनंदाने केला. १९७१ मध्ये ट्रम्बो यांनी ‘जॉनी गॉट हिज गन’ दिग्दर्शित केला तेव्हा आईची भूमिका हंट यांना दिली. ट्रम्बो म्हणजे त्याच दहांपैकी एक, ज्यांच्या हक्कासाठी त्या चोवीस वर्षांपूर्वी विमानात बसल्या होत्या.

परिणाम

जगाच्या प्रश्नांवर बोलणाऱ्या बाई हळूहळू घराशेजारच्या प्रश्नावर आल्या, ही मला या प्रकरणातली सगळ्यात रोचक गोष्ट वाटते. एरवी प्रवास उलटा होतो. लोक मोहल्ल्यातून सुरू करतात आणि परिषदांत जाऊन पोचतात. हंट लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो खोऱ्यातल्या शर्मन ओक्स भागात राहत. १९८३ मध्ये त्या तिथल्या मानद महापौर झाल्या. हे पद शोभेचे, फीत कापण्याचे. त्यांनी आजूबाजूच्या वस्त्यांच्या अशाच मानद महापौरांना जोडून बेघरांसाठी निधी उभा केला. बेघर मुलांच्या पाळणाघरासाठी, रोज कॉटेजसाठी, पैसे जमवले. मानसिक आरोग्य केंद्राच्या सल्लागार मंडळावर अनेक वर्षे काम केले. दोन दशकांच्या आसपास त्या या पदावर होत्या.

व्यावसायिक नुकसान मात्र भरून निघाले नाही. भरपाई नाही, परतीचा मोठा चित्रपट नाही. मानवसेवेने अभिनयाची उणीव भरून काढली असे गोड वाक्य लिहायचा मोह होतो, पण त्या स्वतः उतारवयात मुलाखती देताना गेलेल्या भूमिकांविषयी स्पष्ट बोलत. दोन्ही खरे होते. ७ सप्टेंबर २०२२ रोजी, १०४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांना वगळणारे जवळजवळ सगळे त्याआधीच गेले होते, त्यामुळे शेवटच्या वीसेक वर्षांत काळ्या यादीविषयी विचारायला येणाऱ्या प्रत्येक पत्रकाराला त्यांच्याच दारात यावे लागले.

वेगळे काय करता आले असते

ऑक्टोबर १९४७ च्या समितीकडे विमान होते, रेडिओ होता, तारे होते. सुनावणीनंतरच्या दुसऱ्या दिवसाची योजना नव्हती. आपण तत्त्वासाठी आलो आहोत की या विशिष्ट माणसांसाठी, याचे उत्तर आधी ठरले असते तर लॉसन यांचा आरडाओरडा झाल्यावर इतकी पळापळ झाली नसती. एक-दोन तारे मागे हटले तरी उरलेल्यांनी एकत्र काय म्हणायचे, हे कागदावर असायला हवे होते. ते नसल्यामुळे प्रत्येक जण आपापल्या स्टुडिओच्या खोलीत एकटा सापडला.

१९५० मध्ये यादीतल्या १५१ जणांनी मिळून दावा लावला असता तर? फॉक यांचा खटला दाखवतो की कारस्थान सिद्ध करता येत होते. पण यादीचा एक परिणामच असा की तिच्यातली माणसे एकमेकांना टाळू लागतात. आधीच शंकित, त्यात दुसऱ्या शंकिताबरोबर दिसायचे कशाला? हंट यांनीही आपली लढाई एकटीने लढली. त्या संघटनेच्या मंडळावर काम केलेल्या असल्यामुळे इतरांना एकत्र आणण्याची ताकद त्यांच्यात होती, असे मला वाटते. मात्र तेव्हाचे वातावरण धरता ही अपेक्षा आज करणे सोपे आहे.

सगळ्यात मोठी संधी संघटनेच्या हातून गेली. चित्रपटनटांच्या गिल्डने सभासदांची पाठराखण केली नाहीच, उलट १९५३ मध्ये कम्युनिस्टांना सभासदत्व नाकारणारा नियम केला. रंगभूमीवरच्या नटांची संघटना, ॲक्टर्स इक्विटी, काळ्या यादीविरुद्ध उभी राहिली. शिवाय नाटकाला पैसा अनेक छोट्या गुंतवणूकदारांकडून येई. पाटी लावून घाबरवता येईल असा साबणवाला प्रायोजक तिथे नव्हता. हंट यांना पन्नासच्या दशकात मंच मिळत राहिला आणि पडदा मिळाला नाही, याचे कारण त्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा या दोन गोष्टींत शोधावे. १९९७ मध्ये, त्या सुनावणीला पन्नास वर्षे झाल्यावर, गिल्डचे अध्यक्ष रिचर्ड मेसर यांनी जाहीर कार्यक्रमात हेच मान्य केले : सभासदांच्या मागे उभे राहण्याचे धैर्य आमच्यात नव्हते, ते इक्विटीने दाखवले. हंट तेव्हा ऐंशी वर्षांच्या झाल्या होत्या आणि शर्मन ओक्सच्या मानद महापौरपदावर होत्या.